उशिरा सुरुवात करून स्ट्रीट फायटर ६ च्या स्पर्धांत कसे उतरावे

स्ट्रीट फायटर ६ हा दोन पात्रांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम जून २०२३ मध्ये बाजारात आला, परंतु त्याच्या स्पर्धांत भेटणाऱ्या अनेक खेळाडूंचा अनुभव त्याहून फार जुना आहे. काहींचा हात मागच्या आवृत्तीवर बसला, तर काही जण १९९१ सालच्या स्ट्रीट फायटर २ पासून, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरच्या काळापासून खेळत आले आहेत. अशा मंडळींत तिशी-पस्तिशीत प्रथमच उतरणारा माणूस लागोपाठ हरतो आणि वयामुळे आपली नजर व बोटे मंद झाली आहेत, असा निष्कर्ष काढतो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि ते चुकल्यामुळे पुढची सगळी मेहनतही भलत्याच ठिकाणी खर्च होते.

खेळाचा हिशेब फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांत चालतो. एका सेकंदात ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा नवख्यांना सर्वांत जास्त छळणारा फटका सुरू झाल्यापासून लागेपर्यंत २६ फ्रेम, म्हणजे साधारण ४३३ मिलिसेकंद घेतो. डोळ्यांना दिसलेल्या साध्या खुणेला प्रतिसाद द्यायला सामान्य माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद पुरतात. स्क्रीन आणि यंत्राचा विलंब त्यात मिळवला तरी वेळ उरतो. तरीही तो फटका लागतो, कारण नवख्याची नजर एकाच वेळी दहा शक्यतांवर पसरलेली असते, तर अनुभवी खेळाडूला त्या अंतरावर, त्या क्षणी कोणत्या दोन-तीन गोष्टी होऊ शकतात हे आधीच ठाऊक असते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर ५ चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी ४४ व्या वर्षी जिंकले. त्यांच्यामागे दीर्घ सराव होता, त्यामुळे ते उशिरा सुरुवात करण्याचे उदाहरण ठरत नाहीत. पण वय हाच अडसर आहे या समजुतीला त्यांच्या पदकानंतर फारसा आधार उरत नाही. उशिरा आलेल्याला भरून काढायची असते ती प्रसंगांच्या ओळखीची उणीव, आणि ती भरून काढण्याची पद्धत शिकता येते.

सुरुवातीला एकच पात्र निवडावे आणि काही महिने ते बदलू नये. रियू, ल्यूक किंवा केन यांच्यासारखे पात्र घेतल्यास फायरबॉल (दुरून फेकलेला ऊर्जेचा गोळा), उडी मारणाऱ्याला पाडणारी चाल आणि सरळ ठोसे ही सगळी मूलभूत साधने हाताशी राहतात. पण एखादे दुसरे पात्र मनापासून आवडत असेल तर तेच घ्यावे, कारण आवड नसलेल्या पात्रावर सरावाचे तास बसत नाहीत. मॉडर्न नियंत्रण, म्हणजे खेळातली बटणांची सोपी मांडणी, घ्यायला कमीपणा मानू नये. त्यात विशेष चाल एका बटणावर निघते, त्या बदल्यात तिचा आघात २० टक्के कमी होतो आणि काही चाली मिळत नाहीत. वेळ कमी असलेल्या माणसासाठी हा व्यवहार परवडणारा आहे. लांबलचक कॉम्बो (न तुटता सलग लागणाऱ्या फटक्यांची मालिका) पाठ करण्यात पहिले महिने घालवणे मात्र परवडत नाही, कारण तो लावण्याची संधी मिळण्याआधीच सामना हातातून गेलेला असतो.

त्याऐवजी पहिल्या टप्प्यात तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: समोरच्याने उडी मारली की त्याला हवेतच पाडणे, आपण रोखल्यावर प्रतिस्पर्ध्याला क्षणभर उघडे पाडणाऱ्या असुरक्षित चालीला लगेच फटक्याने शिक्षा करणे आणि जवळ आल्यावर एक छोटा, कधीही न चुकणारा कॉम्बो लावणे. दुसऱ्या गोष्टीसाठी थोडे गणित लागते. बहुतेक पात्रांचा सर्वांत जलद ठोसा ४ फ्रेमचा असतो. म्हणून एखादी चाल रोखल्यावर प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा ४ किंवा त्याहून अधिक फ्रेम उशिरा मोकळा होत असेल आणि अंतर आवाक्यात असेल, तर तो ठोसा नक्की लागतो. संपूर्ण फ्रेम डेटा, म्हणजे प्रत्येक चालीचे असे आकडे, पाठ करण्याची गरज नाही. ज्या चालीने आपण काल हरलो, तेवढीच चाल ट्रेनिंग मोडमध्ये (खेळातल्या सरावाच्या विभागात) घेऊन फ्रेम मोजून दाखवणाऱ्या फ्रेम मीटरवर तपासावी. याच टप्प्यात ड्राइव्ह गेजवर, म्हणजे ड्राइव्ह इम्पॅक्टसारख्या चालींनी खर्च होणाऱ्या पट्टीवर लक्ष ठेवण्याची सवयही लावावी. त्याचे सहाही भाग संपले की बर्नआउट येते, मग विशेष चाल नुसती रोखतानाही ताकद घटते, आणि कोपऱ्यात त्या अवस्थेत ड्राइव्ह इम्पॅक्ट रोखला तरी आपले पात्र भोवळ येऊन उभे राहते.

ट्रेनिंग मोडचा खरा उपयोग कॉम्बोपेक्षा बचावासाठी आहे, आणि उशिरा आलेल्याने आपला सर्वाधिक वेळ इथेच द्यावा असे माझे ठाम मत आहे. समोरच्या सरावाच्या बाहुल्याच्या हालचाली नोंदवून त्या कोणत्याही क्रमाने वाजवण्याची सोय खेळात आहे. प्रथम दोनच नोंदी ठेवाव्यात: पुढे उडी आणि जागेवर थांबणे. उडीला उत्तर बिनचूक निघू लागले की ड्राइव्ह इम्पॅक्टची नोंद वाढवावी आणि त्याला उलट ड्राइव्ह इम्पॅक्टने उत्तर द्यावे. त्यानंतर चालत येऊन केलेला थ्रो (पकडून फेकणे), मग फायरबॉल. शक्यता वाढतील तसा प्रतिसाद मंदावेल, आणि ते स्वाभाविक आहे, कारण निवड करायची असली की मेंदूला अधिक वेळ लागतो. त्या मिश्रणातून योग्य उत्तर निवडण्याचा सराव हाच अनुभवी खेळाडूने वर्षानुवर्षे नकळत केलेला असतो; रोज पंधरा-वीस मिनिटे तो जाणीवपूर्वक केला तर पुष्कळ अंतर कापता येते.

यानंतर प्रश्न येतो प्रतिस्पर्ध्यांचा. रँकच्या लढतीत एकाच व्यक्तीशी तीनपैकी दोन डाव जिंकण्याइतकीच गाठ पडते, आणि तेवढ्यात तिच्या सवयी उमगत नाहीत. म्हणून आपल्यापेक्षा सरस खेळाडूला विचारून कस्टम रूममध्ये (ठरवून खेळण्याच्या खासगी ऑनलाइन खोलीत) दहा विजयांपर्यंतचा लांब सेट खेळावा. तालमीत नवा मल्ल जुन्या मल्लांच्या अंगावर तयार होतो, तसेच हे आहे. सेट संपल्यावर “माझी कोणती सवय तुम्हाला आधी कळली?” एवढेच विचारावे. या समाजात असे विचारणाऱ्याला सहसा मनमोकळे उत्तर मिळते. चांगले प्रतिस्पर्धी जवळ असण्याचे मोल किती, हे टेकेन या दुसऱ्या मारामारीच्या खेळात दिसले आहे. लाहोरच्या अर्सलान अ‍ॅश यांनी २०१९ मध्ये एव्हो जपान आणि लास व्हेगासची एव्हो या मारामारीच्या खेळांच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि आपल्या शहरातील स्थानिक खेळाडूंनीच आपल्याला घडवले हे त्यांनी जगाला आवर्जून सांगितले. ऑनलाइन खेळताना वाय-फायऐवजी लॅन केबल वापरावी. रोलबॅक नेटकोड, म्हणजे दोन यंत्रांचा खेळ जुळवून ठेवणारी प्रणाली, स्थिर विलंब चांगला झाकतो, पण वाय-फायमधील चढउतार त्यालाही झाकता येत नाहीत, आणि त्यामुळे आपली चूक कोणती व जोडणीची कोणती हे कळेनासे होते.

आपल्या सामन्यांचे रिप्ले (ध्वनिचित्रण) पाहावेत, पण हरलेल्या सामन्यांचे आणि थोडेच. प्रत्येक फेरीत आपली ताकद सर्वाधिक कशामुळे गेली, एवढी एकच गोष्ट वहीत लिहावी. आठवड्याच्या शेवटी जी नोंद वारंवार येते, तीच पुढच्या आठवड्याच्या ट्रेनिंग मोडची नोंद. रँकचे गुण वर-खाली होत राहतील. त्यांवरून प्रगती मोजू नये.

स्पर्धेत नाव देण्यासाठी अमुक रँक गाठण्याची वाट पाहू नये. बहुतेक स्पर्धा डबल एलिमिनेशन पद्धतीच्या असतात, म्हणजे दुसऱ्या पराभवानंतरच खेळाडू बाहेर जातो आणि प्रत्येकाला किमान दोन सामने मिळतात. या रचनेत ब्रॅकेट, म्हणजे सामन्यांचा तक्ता, पूर्ण भरलेले असेल तर सुमारे एक चतुर्थांश खेळाडू एकही सामना न जिंकता परततात. हे गणित नीट समजून घेतले तर पहिल्याच वेळी असे परतणे मनाला लागत नाही. २०२३ च्या एव्होमध्ये स्ट्रीट फायटर ६ साठी ७,०६१ जणांनी नावे नोंदवली होती, आणि त्यांतील फार थोड्यांना विजेतेपदाची आशा होती. पहिली स्पर्धा शहरातली छोटी निवडावी. स्वतःचा कंट्रोलर आणि केबल न्यावी, तो कंट्रोलर तिथल्या यंत्रावर चालतो का हे आयोजकांना आधी विचारावे, आणि सामना सुरू होण्यापूर्वी बटणांची मांडणी तपासण्यासाठी वेळ मागून घ्यावा; तो मागणे नियमाला धरून असते. सामना संपल्यावर वायरलेस कंट्रोलरची जोडणी आठवणीने तोडावी, नाहीतर पुढच्या खेळाडूंच्या सामन्यात व्यत्यय येतो. बाद झाल्यावर लगेच घरी जाऊ नये. मोकळ्या यंत्रांवर मैत्रीपूर्ण सामने चालू असतात. ज्याने आपल्याला हरवले त्यालाच तिथे बोलवावे आणि ज्या प्रसंगात आपण अडकलो, तो त्याच्याकडून पुन्हा खेळवून घ्यावा.