एएमव्ही बनवताना या चुका टाळा

पहिला ॲनिमे म्युझिक व्हिडिओ (एएमव्ही, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधले प्रसंग गाण्यावर बसवून केलेला व्हिडिओ) पूर्ण होतो तेव्हा तक्रारी जवळपास ठरलेल्याच असतात. चित्र अडखळतं, काळा रंग राखाडी दिसतो, कट तालाच्या मागे पडतात आणि गाणं भरात असताना पडद्यावरचं पात्र आवाजाविना तोंड हलवत राहतं. मग ट्रान्झिशन, शेक, ग्लो असा मालमसाला टाकून ते झाकायचा प्रयत्न सुरू होतो. पण यातले बहुतेक बिघाड पहिला कट मारायच्या आधीच, सोर्स (ज्यातून क्लिप घ्यायच्या ती मूळ फाइल) निवडताना आणि प्रोजेक्ट उघडताना झालेले असतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सोर्समध्येच घोळ

सबटायटल चित्रातच छापलेले असतील, कोपऱ्यात लोगो असेल, तर तो सोर्स सोडून द्या. झूम करून किंवा खाली काळी पट्टी लावून ते लपवता येतं खरं, पण चौकट बिघडते आणि पाहणाऱ्याला ते लगेच कळतं. एमकेव्ही फाइलमध्ये सबटायटल बहुधा वेगळ्या ट्रॅकवर असतात. ते प्लेअरमध्ये बंद करून पाहा. गेले, तर चित्र स्वच्छ आहे. ओपनिंगमधले शॉट वापरायचे असतील तर श्रेयनामावली नसलेली आवृत्ती शोधा, अनेक मालिकांच्या ब्ल्यू-रेवर ती जादा म्हणून दिलेली असते.

दुसऱ्या कुणाच्या एएमव्हीतून क्लिप उचलणं ही सर्रास होणारी चूक. शिष्टाचार बाजूला ठेवला तरी ते चित्र दोनदा-तीनदा दाबलं गेलेलं असतं, त्यात आधीच रंगबदल केलेला असतो आणि कट दुसऱ्याच गाण्यावर बसवलेले असतात. स्क्रीन रेकॉर्डिंगही टाळा. त्यात फ्रेम दर (सेकंदाला किती चित्रं) बऱ्याचदा बदलता असतो आणि एडिटरमध्ये टाकलं की काही मिनिटांत चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकतात. नाइलाजच असेल तर हँडब्रेक या मोफत साधनात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल आधी बदलून घ्या.

जुन्या एनटीएससी (अमेरिका, जपानमधली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. इथे नवखे थेट ‘डीइंटरलेस’ (रेघा पुसण्याचा पर्याय) दाबतात, आणि तिथेच चुकतात. त्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचं मूळ चित्र ३०च्या साच्यात बसवलेलं असतं: दर पाच फ्रेमपैकी तीन स्वच्छ, दोन मिसळलेल्या. डीइंटरलेस केलं की उभा तपशील कमी होतो आणि अडखळणं तसंच राहतं. हवं असतं ते इन्व्हर्स टेलिसिन, म्हणजे मिसळलेल्या फ्रेम सोडवून २३.९७६चा मूळ दर परत मिळवणं. हायब्रिड किंवा स्टॅक्सरिप या मोफत साधनांत ही सोय आहे.

डीव्हीडीचा आणखी एक सापळा: चित्र ७२० बाय ४८० असं साठवलेलं असतं, पण दाखवायचं असतं ६४० बाय ४८० (४:३) किंवा ८५४ बाय ४८० (१६:९) या मापात. पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो (एका पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) चुकला की ४:३ मधले चेहरे रुंद आणि १६:९ मधले चेहरे लांबट दिसतात. ४:३चं चित्र १६:९ मध्ये भरायचं असेल तर ताणू नका, कापा. उंचीचा चौथा भाग जातो, त्यामुळे प्रत्येक शॉट वरखाली सरकवून डोकं आणि डोळे चौकटीत आहेत ना, हे हातानेच पाहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

फाइल उघडत नाही, उघडली तर चालत नाही

प्रीमियर या एडिटरच्या अनेक आवृत्त्या एमकेव्ही नीट घेत नाहीत. पण म्हणून फाइल ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये घालून पुन्हा दाबायची गरज नाही. एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आतलं चित्र एच.२६४ (व्हिडिओ दाबण्याची एक पद्धत) असेल तर एफएफएमपेग किंवा लॉसलेसकट या मोफत साधनांनी ते जसंच्या तसं एमपी४च्या डब्यात हलवता येतं. काही सेकंदांचं काम, आणि गुणवत्तेला धक्का नाही.

डबा बदलूनही चित्र काळं किंवा ‘मीडिया ऑफलाइन’ दिसत असेल तर फाइल मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या साधनात उघडा आणि बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बिटमध्ये साठवल्यात) बघा. ॲनिमेच्या फाइल बऱ्याचदा १० बिट एच.२६४ मध्ये असतात आणि अनेक एडिटरना त्या वाचताच येत नाहीत. अशा फाइलचं प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या प्रकारांत रूपांतर करावंच लागतं.

चित्र दिसतं, पण एकेक फ्रेम मागेपुढे करताना अडकतं, ही वेगळी तक्रार. एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा असतो. मागे एक फ्रेम जायचं तर संगणकाला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथून पुन्हा हिशेब करावा लागतो. एएमव्हीत तर दिवसभर हेच करायचं असतं. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने ही अडचण उरत नाही. मात्र जागेचा हिशेब आधी करा: १०८०पीचं प्रोरेस ४२२ तासाला सुमारे ५३ जीबी खातं, म्हणजे २४ मिनिटांचा एक भाग २१ जीबी आणि बारा भागांची मालिका अडीचशे जीबी. त्यामुळे पूर्ण भाग बदलत बसू नका. आधी मालिका पाहत लागणाऱ्या प्रसंगांच्या वेळा टिपा, पुढेमागे तीन-चार सेकंद जादा ठेवून तेवढेच तुकडे काढा. किंवा एडिटरमधला प्रॉक्सीचा (कामापुरत्या हलक्या प्रतींचा) पर्याय वापरा आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल जोडलेल्या आहेत याची खात्री करा.

टाइमलाइन ३० किंवा ६०वर

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती शेवटी कळते. ॲनिमे बहुतांशी २३.९७६ फ्रेम दराने येतं. टाइमलाइन (एडिटरमध्ये क्लिप लावायची पट्टी) ३०ची असेल तर एडिटर दर चार फ्रेमची पाच करतो, एक फ्रेम दुप्पट होते आणि कॅमेरा सरकणाऱ्या दृश्यांत ठरावीक हिसका बसतो. दा विंची रिझॉल्व्हमध्ये तर एकदा मीडिया आत घेतला की प्रोजेक्टचा फ्रेम दर बदलता येत नाही. म्हणून नवीन प्रोजेक्ट उघडल्यावर सर्वात आधी २३.९७६ आणि १९२० बाय १०८० निश्चित करा, मग पहिली क्लिप आत घ्या.

वेगास हा एडिटर वापरणाऱ्यांना दोन शॉटच्या किंवा दोन रेखाचित्रांच्या मध्ये भुतासारखी धूसर फ्रेम दिसते. त्यामागे बहुधा ‘रीसॅम्पल’, म्हणजे शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं, असतं. सगळ्या क्लिप निवडून ‘डिसेबल रीसॅम्पल’ करा. प्रीमियरमध्ये याच कारणासाठी ‘फ्रेम ब्लेंडिंग’ऐवजी ‘फ्रेम सॅम्पलिंग’ ठेवायचं.

स्लो मोशन का फसतं

२३.९७६ दर म्हणजे सेकंदाला २४ चित्रं काढलेली असतात असं नाही. पात्रांची हालचाल बहुधा ‘टूज’वर असते, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं आणि सेकंदाला १२च वेगळी चित्रं मिळतात. ‘थ्रीज’वर असेल तर आठ. वेग निम्मा केला की टूजवरचं एकेक चित्र चार फ्रेम थांबतं आणि हालचाल सरळ सरळ अडकते.

त्यावर उपाय म्हणून ट्विक्सटर किंवा ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेम स्वतः तयार करणारे इफेक्ट) लावला, तरी आधी थांबतं, मग उडी मारतं. कारण सॉफ्टवेअरला दोन सारख्या फ्रेम दिसल्या की ते ‘इथे हालचाल शून्य’ असं धरतं. आधी दुबार फ्रेम काढून टाका. हाताने एकेक फ्रेम पाहत काढल्या तर उत्तम. मग उरलेल्या वेगळ्या चित्रांवरच इफेक्ट लावा. तरीही हात-पाय एकमेकांवरून जाणारी हाणामारीची दृश्यं मेणासारखी वितळतात. केस उडताहेत, कापड हलतंय, चेहरा हळूहळू वळतोय, अशा साध्या शॉटवर हे तंत्र चांगलं बसतं. सगळा व्हिडिओ ६० फ्रेमचा करण्याचा मोह टाळाच. ॲनिमेटरने मुद्दाम ठेवलेले थांबे आणि झटके त्यात गुळगुळीत होऊन जातात.

ताल हुकतो

तुमचे सगळे कट सारख्याच अंतराने मागे पडत असतील तर आधी कानातलं ब्लूटूथ काढा. त्यात आवाज सहज ०.१५ ते ०.२ सेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे जवळपास चार-पाच फ्रेम. तुम्ही ऐकून कट बसवता, तेव्हा तो प्रत्यक्षात तेवढाच उशिरा बसतो. वायरचे हेडफोन लावा.

गाणं चालू ठेवून एम बटण दाबत मार्कर (टाइमलाइनवरच्या खुणा) टाकले की सुरुवातीचा आराखडा झटकन मिळतो, पण बोट नेहमी थोडं मागेपुढे पडतं. नंतर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून प्रत्येक महत्त्वाचा मार्कर ठोक्याच्या उभ्या चढावर आणून ठेवा. दोन ठोक्यांत किती फ्रेम, हे काढायचं तर १४३९ला (२३.९७६ गुणिले ६०) गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागा. १२०ला जवळपास १२ येतात. १४०ला १०.२८ येतात, आणि गोची तिथेच आहे: सगळ्या क्लिप १० फ्रेमच्या कापून ओळीने लावल्या तर सोळा ठोक्यांनंतर तुम्ही चार फ्रेम पुढे निघून गेलेले असता. ठरावीक लांबीच्या क्लिप चिकटवण्यापेक्षा प्रत्येक कट मार्करला लावा.

प्रत्येक ठोक्यावर कट मारणं ही याच्या उलट टोकाची चूक. अर्ध्या मिनिटात डोळे थकतात आणि पुढे ध्रुवपदाला द्यायला काही शिल्लक राहत नाही. शॉटच्या आतली हालचालही ताल धरू शकते: दार आपटणं, तलवार भिडणं, पापणी उघडणं. कट एखाद-दुसऱ्या ठोक्याआधी घ्या आणि आघाताचं चित्र समेवर येऊ द्या. ॲक्शन दृश्यांत आघाताच्या क्षणी एक-दोन फ्रेमचं उलट्या रंगांचं किंवा काळं-पांढरं चित्र अनेकदा असतं, ते ठोक्यावर नेमकं बसलं की वरून फ्लॅश लावायची गरजच पडत नाही. आणि लावलेच, तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नकोत. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमधल्या एका ॲनिमे मालिकेच्या भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

गाणं पाच मिनिटांचं असेल तर पहिल्या प्रयत्नात ते दीड-दोन मिनिटांवर आणा. सरासरी दीड सेकंदाचे शॉट धरले तरी दोन मिनिटांना ८० शॉट लागतात. गाणं कापताना आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर कापा, ओळीच्या मध्यावर नको. जोडावर १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढणं) दिला की ‘टक्’ असा आवाज येत नाही. हे काम ऑडेसिटी या आवाजाच्या मोफत एडिटरमध्ये आधीच उरका आणि ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल टाइमलाइनवर आणा. चित्र बसवून झाल्यावर गाणं कापायला घेतलं, तर सगळे कट पुन्हा लावायची तयारी ठेवा.

आवाजाविना हलणारी तोंडं

संवाद काढून टाकले तरी ओठ हलतच राहतात आणि जाणकारांचं लक्ष सगळ्यात आधी तिथे जातं. सोपा उपाय म्हणजे बोलण्याआधीचा किंवा नंतरचा अर्धा सेकंद वापरणं, पाठमोरा शॉट घेणं किंवा चौकट डोळ्यांपर्यंत आणणं. शॉट हवाच असेल तर तोंड मिटलेली एक फ्रेम थांबवून वरच्या ट्रॅकवर ठेवा, तोंडाभोवती मास्क (तेवढाच भाग दिसू देणारी आखणी) काढा आणि कडा दोन-तीन पिक्सेल मऊ करा. डोकं स्थिर असेल तर हे पाच मिनिटांचं काम. डोकं हलत असेल तर ट्रॅकिंग करावं लागतं, म्हणजे मास्क डोक्याबरोबर हलवावा लागतो.

यातूनच लिप-सिंकही साधतो. ॲनिमेत तोंडाचे बहुधा तीनच आकार असतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. त्यांच्या तीन फ्रेम वेगळ्या काढून गाण्याच्या अक्षरांप्रमाणे लावल्या की पात्र गाताना दिसतं. स्वर लांबला तिथे उघडं, ‘प’, ‘ब’, ‘म’ला मिटलेलं.

रंग, आणि शेवटचं एक्स्पोर्ट

काळा रंग राखाडी किंवा याउलट सावल्या गिळलेल्या दिसत असतील, तर कलर करेक्शन करण्याआधी लेव्हल्स तपासा. व्हिडिओ बहुधा १६ (काळा) ते २३५ (पांढरा) या मर्यादेत साठवलेला असतो, एडिटरने तो ० ते २५५चा समजला की चित्र फिकं पडतं, दोनदा ताणला की काळोख होतो. रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समधलं ‘डेटा लेव्हल्स’ ऑटोवरून ‘व्हिडिओ’वर करून बघा.

रात्रीच्या आकाशात पट्टे दिसत असतील तर डीबँड (पट्टे पुसणारा फिल्टर) लावून वरून अगदी हलका ग्रेन (बारीक दाणेदारपणा) द्या. पण ग्रेन जास्त झाला तर अपलोडनंतर त्याचीच चिखलासारखी ठिगळं होतात.

एक्स्पोर्टआधी टाइमलाइन एकदा आवाज बंद करून, प्रत्येक कटावर बाणाच्या बटणाने फ्रेम-फ्रेम पाहत जा. पुढच्या शॉटची एकच फ्रेम मागे राहून गेलेली असते, वेगाने पाहताना ती नुसती चमक म्हणून जाणवते आणि सापडत नाही. मग सगळ्यात धावपळीचे दहा सेकंद आधी एक्स्पोर्ट करून तपासा. एक्स२६४ (एच.२६४ फाइल बनवणारं साधन) असेल तर सीआरएफ (गुणवत्तेचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं) १६ ते १८, प्रीसेट ‘स्लो’, ट्यून ‘ॲनिमेशन’. यूट्यूब १०८०पीला ८ एमबीपीएस बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) सुचवतं, पण ते पुन्हा दाबणारच असल्याने त्याहून जास्त दिलेलं बरं. वेगवान एडिट चौकोनी ठोकळ्यांत फुटत असेल तर तोच व्हिडिओ १४४०पीला मोठा करून चढवा, वरच्या रिझोल्यूशनला यूट्यूब वेगळं कोडेक (दाबण्याची पद्धत) आणि जास्त बिटरेट देतं.

वर्णनात ‘हक्क मूळ मालकांचे’ असं लिहिल्याने परवानगी मिळत नाही. म्हणून व्हिडिओ आधी प्रायव्हेट चढवून कॉपीराइट तपासणी पूर्ण होऊ द्या. कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप ओळख पटवणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम आला तर बहुधा जाहिरातीचं उत्पन्न मालकाकडे जातं किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. स्ट्राइक (कॉपीराइट तक्रारीवरून चॅनेलला मिळणारी ताकीद) वेगळी, ती ९० दिवस राहते आणि तीन झाल्या की चॅनेल बंद होऊ शकतं. दोन्हींत गल्लत करून घाबरून चॅनेलच पुसणारे कमी नाहीत. आणि चढवल्या चढवल्या चित्र धूसर दिसलं म्हणून पुन्हा एक्स्पोर्टला बसू नका. सुरुवातीला कमी रिझोल्यूशनचीच प्रत तयार झालेली असते, वरच्या प्रती तयार व्हायला काही तास लागू शकतात.