ई-लर्निंग प्रणाली विकत घेण्यापूर्वी महाविद्यालयाने ती कशी तपासावी

ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवत असले, तरी ई-लर्निंगची प्रणाली कोणती घ्यायची हे पुष्कळदा महाविद्यालयालाच ठरवावे लागते. त्यासाठी नेमलेली समिती विक्रेत्याचे सादरीकरण पाहते, वैशिष्ट्यांच्या तक्त्यावर खुणा करते आणि दरपत्रके ताडून मोकळी होते. सादरीकरणातला नमुना अभ्यासक्रम त्या प्रणालीसाठीच बेतलेला असल्यामुळे तो कुठेही अडत नाही, आणि म्हणूनच त्यावरून काहीही कळत नाही. परीक्षणासाठी आपल्याच एका विषयाचे सत्रभराचे साहित्य, म्हणजे पाठ, प्रश्नपेढी आणि गुणांची नोंद, हाताशी घ्यावे आणि ते प्रणालीत चढवून पुन्हा बाहेर काढून पाहावे.

‘आमची प्रणाली स्कॉर्मला अनुरूप आहे’ हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. स्कॉर्म म्हणजे पाठाची झिप फाइल आणि प्रणाली यांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ मधली असली, तरी आजही सर्रास वापरात आहे, त्यामुळे कोणती आवृत्ती चालते हे आधी विचारावे. १.२ मध्ये पाठ पूर्ण झाला की नाही आणि विद्यार्थी उत्तीर्ण झाला की नाही या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात बसवलेल्या आहेत. ‘स्कॉर्म २००४’ मध्ये त्यांचे दोन रकाने झाले. म्हणून एकच पाठ तीन खात्यांतून चालवावा. पहिल्या खात्यातून तो पूर्ण करून उत्तीर्ण व्हावे, दुसऱ्यातून पूर्ण करून अनुत्तीर्ण व्हावे, आणि तिसऱ्यातून तो अर्ध्यावर सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावा. शिक्षकाच्या अहवालात या तिन्ही विद्यार्थ्यांची नोंद वेगवेगळी दिसली पाहिजे. पाठ मोठा असेल तर तिसऱ्या खात्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण विद्यार्थी कुठवर आला हे साठवण्यासाठी १.२ मध्ये केवळ ४०९६ वर्णांची हमी आहे.

बाहेरची साधने जोडण्यासाठी एलटीआय हे मानक आहे. त्याची १.३ ही आवृत्ती २०१९ पासून उपलब्ध असल्याने नव्या करारात १.१ वर समाधान मानण्याचे कारण नाही. हे मानक सांभाळणारी वनएडटेक ही संस्था प्रमाणित उत्पादनांची यादी सर्वांसाठी खुली ठेवते; विक्रेत्याच्या उत्पादनाचे नाव आणि आवृत्ती तिथे शोधावी. ‘अनुरूप’ आणि ‘प्रमाणित’ यांत फरक आहे, आणि निविदेत नेमका कोणता शब्द आहे ते पाहावे.

मराठीची कसोटी बहुतेक समित्या पाठाचे मथळे नीट दिसले की संपली असे समजतात. खरी अडचण प्रश्नपेढीत असते. अनेक विभागांकडे जुने प्रश्न युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांचे आजचे सर्वमान्य संकेत न पाळणाऱ्या, फाँटमध्ये टंकलेले आहेत, आणि ते कोणत्याही प्रणालीत चढवले तरी निरर्थक अक्षरांची रांगच मिळते. त्यांचे रूपांतर कोण करणार आणि तपासणार कोण, हे खरेदीपूर्वीच ठरवावे. दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण केवळ अक्षरसंकेत ताडणारी प्रणाली विद्यार्थ्याचे बरोबर उत्तर चूक ठरवते. रिकाम्या जागा भरण्याचा असा एक प्रश्न तयार करून त्याचे उत्तर संगणकावरून आणि दोन-तीन वेगवेगळ्या फोनच्या कळफलकांवरून देऊन पाहावे. विक्रेत्याचा प्रतिनिधी समोर असतानाच हे करावे, म्हणजे नंतरचा पत्रव्यवहार वाचतो.

फोनची चाचणी महाविद्यालयाच्या वायफायवर घेऊ नये. मुरबाड-शहापूरकडून ठाण्याला येणारा विद्यार्थी चाचणी सोडवत असताना मोबाइलचे नेटवर्क गेले तर भरलेली उत्तरे टिकतात का, हे पाहायचे असल्याने चाचणी चालू असताना फोनचा विमान मोड लावावा, काही मिनिटांनी काढावा आणि काय उरले ते मोजावे.

सुगम्यतेसाठी, म्हणजे दिव्यांगांनाही प्रणाली वापरता यावी यासाठी, ‘डब्ल्यूसीएजी’ हे आंतरराष्ट्रीय निकष आहेत; त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिची ‘एए’ ही मधली पातळी मागावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नंतर हा सौजन्याचा प्रश्न उरलेला नाही. माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने एक चाचणी सोडवावी, आणि एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर लावून मराठी मजकूर ऐकावा. जिथे पर्यायांऐवजी नुसते ‘बटन, बटन’ ऐकू येते, तिथे दृष्टिहीन विद्यार्थ्याची परीक्षा संपली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून घेता येतात, म्हणून असे बाहेर मिळवलेल्या श्रेयांकांची (क्रेडिट्सची) नोंद प्रणालीत कशी होते, ते विचारून घ्यावे.

त्याच इमारतीत अकरावी-बारावीचे वर्ग असतील तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा वेगळा विचार करावा लागतो, कारण तो १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अपेक्षा करतो. ही संमती कोण घेणार आणि तिची नोंद कुठे राहणार, हे करारात असावे.

आता बाहेर पडण्याची बाजू. चढवलेले सर्व साहित्य पुन्हा उतरवून ते मूडल या दुसऱ्या ई-लर्निंग प्रणालीच्या कोऱ्या प्रतीत भरून पाहावे; मूडल २००२ पासून उपलब्ध आणि मुक्तस्रोत असल्याने या प्रयोगाला परवान्याचा खर्च येत नाही. पाठ बहुधा नीट उतरतात. प्रश्न पीडीएफमध्ये आणि गुण केवळ छापील अहवालात मिळत असतील, तर ते साहित्य परत मिळाले असे समजू नये. प्रश्न मूडलच्या एक्सएमएल किंवा क्यूटीआय (प्रश्नांच्या देवाणघेवाणीचे मानक) यांसारख्या खुल्या स्वरूपात, गुण साध्या तक्त्यात, आणि दोन्ही करार संपल्यावर किती दिवसांत व किती शुल्कात मिळतील, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तो लेखी देण्यास टाळाटाळ करत असेल तर त्याच्या दरपत्रकातील आकड्यात पुढच्या स्थलांतराचा खर्च मिळवून मगच तुलना करावी.