इंग्रजी वाचलेलं कळतं, ऐकलेलं का सुटतं?

पहिल्या नोकरीतली गोष्ट. फोनवर पलीकडे अमेरिकेतला सहकारी. गुरुवारच्या मीटिंगला जमेल का, असं मी विचारलं. त्याच्या उत्तरात मला 'कॅन' स्वच्छ ऐकू आलं आणि मी खुशाल मीटिंग ठरवून टाकली. गुरुवारी सगळे आले, तो सोडून. तो 'कॅन्ट' म्हणाला होता.

गंमत अशी की अमेरिकन बोलण्यात होकाराचं 'कॅन' वाक्याच्या मधे आलं की घाईत नुसतं 'कन' उरतं. नकाराच्या शब्दातला 'ॲ' मात्र ठसठशीत असतो आणि शेवटचा 'ट' बरेचदा घशातच राहतो. म्हणजे आपल्या कानाला जे 'कॅन' वाटतं, ते पुष्कळदा 'कॅन्ट' असतं!

आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, हे यामागचं खरं कारण. मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची चेपली जातात. आपण 'डेव्हलप' म्हणतो, ते 'डिव्हेलप' म्हणतात. आपलं 'व्हेजिटेबल' त्यांच्या तोंडी 'व्हेज्टबल' होतं. शब्द ओळखीचाच असतो, पण आवाज अनोळखी.

'रोज इंग्रजी सिनेमे बघा' हा सल्ला मला फारसा पटत नाही. खाली अक्षरं लावून दोन तास सिनेमा बघितला तर सराव वाचनाचाच होतो. त्यापेक्षा एका मिनिटाचं बोलणं घ्या आणि त्यावर वीस मिनिटं घालवा.

पायरी १ : तुकडा निवडा. लेखी मजकूर सोबत मिळेल असंच काहीतरी घ्या. 'बीबीसी लर्निंग इंग्लिश'चा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम त्यासाठी चांगला. अगदी नवखे असाल तर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी नभोवाणीने १९५९ मध्ये सुरू केलेल्या 'स्पेशल इंग्लिश'चे जुने भाग शोधा. सुमारे १,५०० शब्द, छोटी वाक्यं आणि सावकाश वाचन. पण तिथे मुक्काम ठोकू नका, कारण रस्त्यावर कुणी इतकं सावकाश बोलत नाही.

पायरी २ : मजकूर न बघता दोनदा ऐका. कोण बोलतंय, कशाबद्दल, एवढंच पकडा. शब्द सुटले तर सुटू द्या. एका शब्दाला अडून बसलं की पुढची तीन वाक्यं निघून जातात.

पायरी ३ : लिहून काढा. खरं काम इथे आहे. एकेक वाक्य थांबवून, ऐकू येईल तसं वहीत उतरवा, हवं तर देवनागरीत. मी एकदा लिहिलं होतं, 'आय शुडव टोल्डिम'. चार वेळा ऐकूनही उलगडेना. मजकुरात बघितलं तर 'आय शुड हॅव टोल्ड हिम'! 'हॅव'चं नुसतं 'अव' झालं होतं, 'हिम'मधला 'ह' गळून पडला होता आणि उरलेलं मागच्या शब्दाला चिकटलं होतं. त्यातला एकही शब्द मला नवा नव्हता.

पायरी ४ : मजकुराशी ताडून चुकांवर खुणा करा. शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून ओळखता आला नाही? पहिल्या चुकीला शब्दकोश पुरतो. दुसऱ्या प्रकारच्या चुका वहीत वेगळ्या पानावर लिहा. महिनाभरात दिसेल की त्याच त्या दहा-पंधरा जागी आपण अडखळतो.

पायरी ५ : ध्वनिमुद्रणाबरोबर बोला. तोच वेग, तेच हेल, तेच शब्द गिळणं. घरचे हसतील, हसू द्या. जे आपल्या तोंडाला जमतं, ते कान चटकन पकडतो. वेग झेपत नसेल तर यूट्यूबवर ०.७५ करा, पण शेवटची फेरी मूळ वेगातच. दोन दिवसांनी तोच तुकडा पुन्हा ऐका.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल तर महिनाभर आधीपासून एकदाच ऐकून उत्तर लिहायची सवय लावा. तिथे ऐकण्याच्या चाचणीत चार भागांत ४० प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं.

समोर माणूस असेल तेव्हा मात्र पुन्हा विचारायची सोय असते, आणि आपण ती भिडेपोटी वापरत नाही. नुसतं 'पार्डन?' म्हटलं तर समोरचा तेच वाक्य तसंच, फक्त मोठ्याने म्हणतो. त्यापेक्षा सुटलेल्या जागेवर बोट ठेवा. समजा, आकडा तेरा की तीस ते कळलं नाही. 'थर्टीन'मध्ये जोर शेवटी, 'थर्टी'मध्ये सुरुवातीला. तरी शंका आली तर 'वन थ्री ऑर थ्री झिरो?' असं विचारा. आणि 'कॅन'चा घोळ झाला तर मी आता सरळ म्हणतो, 'सो, थर्जडे इज अ नो?'