मुक्तस्रोत प्रकल्प खुला करण्यापूर्वी
नाशिकमधील एखादा विद्यार्थी-गट द्राक्षबागांतील फवारणीची नोंद ठेवणारे ॲप मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड इतरांना पाहता, वापरता व बदलता येतो असे) म्हणून खुले करणार असेल, तर परवान्याची फाईल पहिल्याच दिवशी जोडावी. कारण १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, कोड सर्वांना दिसत असला तरी परवान्याअभावी तो वापरण्याचा वा बदलून वाटण्याचा हक्क इतरांना आपोआप मिळत नाही. रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाईल) मराठीतही असावी. प्रकल्पातील सहभागींनी एकमेकांशी कसे वागावे याची आचारसंहिता मात्र नव्याने लिहीत बसू नये. २०१४ पासून उपलब्ध असलेली ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’ ही तयार आचारसंहिता घ्यावी आणि तिच्यात तक्रारीच्या संपर्कासाठी सोडलेली मोकळी जागा (जी अनेकदा तशीच राहून जाते) आवर्जून भरावी. तेथे गटातील दोघांचे स्वतंत्र ईमेल द्यावेत, म्हणजे तक्रार त्यांपैकी एकाविरुद्धच असल्यास दुसऱ्याकडे जाता येते.