एअर रायफलचे छर्रे पुरवून कसे वापरावेत

दहा मीटर एअर रायफल शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक पहिल्या आठवड्यातच मला विचारतात, "मॅडम, छर्ऱ्यांचा खर्च किती येईल हो?" २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणलं, तेव्हापासून तर हा प्रश्न हमखास येतो. (त्याचा प्रकार ५० मीटरचा. तिथे काडतुसं लागतात, म्हणजे खिशाला आणखी मोठं भोक.) माझं उत्तर ठरलेलं आहे: स्वस्त डबा घेऊ नका, चांगला डबा पुरवून वापरा.

मॅचचा डबा साधारण ५०० छर्ऱ्यांचा येतो. सामन्यात ६० शॉट, सायटर (गुण न धरता आधी मारायचे अंदाजाचे शॉट) धरले तर ऐंशीच्या घरात. म्हणजे डबा सहा सामन्यांत संपला. रोजच्या सरावाला तोच डबा उघडलात तर महिन्याचं गणित बसणारच नाही.

आधी छर्रा रायफलला जुळतो का ते बघा. ४.५ मिमीचा, सपाट तोंडाचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. डब्यावर ४.४९, ४.५० असा डोक्याचा आकार असतो आणि बॅच नंबरही असतो. आरडब्ल्यूएस असो, एच अँड एन असो की जेएसबी, कंपनीच्या नावावर जाऊ नका. एका बॅरलला आवडलेली बॅच दुसरीला आवडत नाही. क्लबमध्ये रायफल बांधायचा स्टँड असेल तर प्रत्येक बॅचचे दहा-दहा शॉट एकाच ठिकाणी मारा. नसेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि दोन-तीन ग्रुप (दहा-दहा शॉटचे गट) घ्या, कारण हात मध्ये आला की एका ग्रुपवर भरवसा नाही. भोकांचं बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर व्हर्नियरने मोजा, त्यातून ४.५ वजा करा. बाहेरून ७ मिमी आला तर प्रत्यक्ष पसारा अडीच मिमीचा. टार्गेटच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिमीचाच असतो, त्यामुळे हा फरक दशांश गुणांत लगेच दिसतो. जुळलेल्या नंबरचे डबे चार पालकांनी मिळून घ्यावेत. पुढच्या मालात तो नंबर मिळेलच असं नाही.

छर्रे वजन करून निवडत बसायचा उद्योग मी मुलांना करू देत नाही. मागचा घेर चेपलेला आहे का एवढं बघा, चेपलेले वेगळे काढून नवशिक्यांच्या सरावाला ठेवा. डबा खुळखुळत दप्तरातून नेऊ नका, शिसं मऊ असतं.

खरी बचत मात्र ड्राय फायरमध्ये, म्हणजे छर्रा न घालता करायच्या सरावात आहे. मॅच रायफलला त्यासाठी सोय असते: ट्रिगर नेहमीसारखाच सुटतो, हवा सुटत नाही, छर्रा लागत नाही. घरी कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून फक्त होल्ड (रायफल स्थिर धरणं) आणि ट्रिगर करा, नंतर टार्गेट लावा. पाच मीटरची जागा असेल तर टार्गेट निम्म्या आकाराचं छापा, ३०.५ मिमीचं काळं वर्तुळ सव्वापंधरा मिमीचं होतं. रायफल रिकामी आहे हे प्रत्येक वेळी आधी तपासायचं, यात सूट नाही. आणि स्प्रिंगची रायफल असेल तर हे अजिबात करू नका. छर्ऱ्याशिवाय पिस्टन पुढे आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात.

रेंजवर पोरं मग मोजकेच शॉट मारतात, पण प्रत्येक शॉटनंतर, टार्गेट बघण्याआधी, कुठे लागला असेल ते सांगून. नुसते शंभर छर्रे उडवणाऱ्याला मी घरी पाठवते.

एका काकांनी विचारलं होतं, सापळ्यातले (टार्गेटमागच्या पेटीत अडकलेले) छर्रे परत वापरता येतील का? नाही. आपटून चपटे झालेले असतात, बॅरल खराब करतील. ते साठवून भंगारात द्या, शिशाला पैसे मिळतात. आणि छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा. रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. जेवणाच्या डब्याला, म्हणतेय मी.