डबी उलटी करून वाचताना: प्रसाधनांतील घटक ओळखण्याची आणि ताडून पाहण्याची रीत

बदामाचे म्हणून आणलेल्या केसांच्या तेलाची बाटली उलटी करून पाहिली, तर घटकांच्या यादीत पहिले नाव पुष्कळदा बदामाचे नसते. तिथे ‘मिनरल ऑइल’, ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘पॅराफिनम लिक्विडम’ असे काहीतरी लिहिलेले असते आणि ‘प्रुनस अमिग्डालस डल्सिस’, म्हणजे आपला गोड बदाम, त्याच्या मागून कुठेतरी येतो. खनिज तेलात वाईट काही नाही. प्रसाधनांसाठी शुद्ध केलेले हे तेल त्वचेवर पातळ थर धरून ओलावा टिकवते आणि त्याची अ‍ॅलर्जी क्वचितच होते. तक्रार एवढीच की पैसे बदामाचे मोजले जातात. अशी फसगत टाळण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. यादीचे दोनतीन नियम ठाऊक असावे लागतात आणि अक्षर बारीक असल्याने मोबाइलचा कॅमेरा भिंगासारखा वापरावा लागतो.

यादी वाचण्याआधी हातातली वस्तू कायद्याच्या कोणत्या खान्यात बसते ते पाहावे, कारण आपल्याकडे एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या तीन ट्यूब तीन वेगवेगळ्या नियमांखाली आलेल्या असू शकतात. सौंदर्यप्रसाधनांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. त्यांच्या वेष्टनावर ‘इन्ग्रेडियन्ट्स’ या शब्दानंतर संपूर्ण यादी द्यावी लागते. ६० मिलिलिटरपेक्षा लहान बाटल्या आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान डब्या यांना यातून सूट आहे, म्हणून शांपूच्या पुडीवर यादी दिसली नाही तर त्याच मालाची मोठी बाटली दुकानात मागून पाहावी.

दुसरा खाना आयुर्वेदिक औषधांचा. ‘हर्बल’ म्हणून खपणारी बरीच क्रीम, तेले आणि लेप या परवान्यावर विकले जातात. त्यांच्या लेबलवर ‘दर १० ग्रॅममध्ये’ असे म्हणून वनस्पतींची नावे व मिलिग्रॅममधले प्रमाण दिलेले असते आणि शेवटी ‘क्रीम बेस क्यू. एस.’ असे शब्द येतात. क्यू. एस. हे ‘पुरेल इतके’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांचे लघुरूप आहे. वनस्पतींची बेरीज ३०० मिलिग्रॅम भरत असेल, तर १० ग्रॅमपैकी उरलेले ९.७ ग्रॅम त्या ‘पुरेल इतक्या’ बेसमध्ये गेले आणि त्या बेसमध्ये नेमके काय आहे हे बहुधा कळतच नाही. एखाद्या साध्या प्रसाधनाची वीस रासायनिक नावांची यादी आणि अशा क्रीमची पाच वनौषधींची यादी शेजारी ठेवली की दुसरी अधिक ‘शुद्ध’ वाटते. प्रत्यक्षात तिने आपला मोठा भाग सांगितलेलाच नसतो. या दोन प्रकारच्या याद्यांची तुलना होऊ शकत नाही, आणि ती करायला जाऊ नये.

तिसरा खाना औषधांचा. वेष्टनाच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचे औषध आहे, आणि घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. शेजारणीने रंग उजळण्यासाठी सुचवले म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावण्याची ही वस्तू नव्हे. त्वचा पातळ होणे, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागणे, पुळ्या येणे आणि क्रीम थांबवताच चेहरा लालभडक होणे हे त्याचे परिणाम त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात. आणि ज्या गोरेपणाच्या क्रीमवर उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही किंवा परदेशी माल असून आयात नोंदणीचा क्रमांक नाही, तिची यादी वाचण्यातही अर्थ नाही. तिच्यात पारा असला तरी तो कोणी छापत नाही. २०२३ मध्ये केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण अशाच क्रीममुळे डॉक्टरांच्या नजरेत आले होते.

आता मुख्य नियमाकडे वळू. प्रसाधनाच्या यादीत १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. पहिल्या अर्ध्या वाक्याची माहिती बऱ्याच जणांना असते, परंतु दुसऱ्या अर्ध्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि गंमत सगळी तिथेच असते. १ टक्क्याची ही रेघ लेबलवर आखलेली नसते, ती आपण अंदाजाने आखायची असते. त्यासाठी फेनॉक्सिइथेनॉल हे नाव शोधावे. हा माल टिकवण्यासाठी घातलेला घटक असून युरोपीय नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे आणि उत्पादक सहसा तिच्या आतच राहतात. अर्थात त्याच्या पुढे जे काही लिहिले आहे, ते १ टक्का किंवा त्याहून कमी आहे असे धरून चालावे. त्याच्या आधीचे सगळे १ टक्क्याहून जास्तच असेल असे मात्र नाही. झँथन गम, कार्बोमर, डायसोडियम ईडीटीए हे घटक सहसा १ टक्क्याहून कमीच घालतात, म्हणून ही नावे आधी आली तर रेघ तिथूनच सुरू झाली असे समजावे.

नमुना म्हणून ५० ग्रॅमच्या एका ‘हळद-चंदन’ क्रीमची यादी घेऊ. ती कोणत्याही एका कंपनीची नाही, परंतु अशा याद्या डझनाने सापडतील: अ‍ॅक्वा, ग्लिसरीन, मिनरल ऑइल, ग्लिसरिल स्टिअरेट, सेटिअरिल अल्कोहोल, स्टिअरिक अ‍ॅसिड, डायमेथिकोन, फेनॉक्सिइथेनॉल, कार्बोमर, कर्क्युमा लाँगा अर्क, सँटालम आल्बम तेल, पर्फ्युम, डायसोडियम ईडीटीए, सीआय १९१४०. अ‍ॅक्वा म्हणजे पाणी. त्यानंतरच्या सहा घटकांत ओलावा धरणारे ग्लिसरीन, त्वचेवर थर धरणारे तेल व सिलिकोन, आणि पाणी व तेल एकजीव ठेवणारे मेणासारखे पदार्थ आहेत. क्रीम म्हणून जे काम होते ते हेच करतात. हळद (कर्क्युमा लाँगा) आणि चंदन (सँटालम आल्बम) रेघेच्या पलीकडे आहेत. हळदीचा अर्क ०.१ टक्का असेल असे धरले, तर संपूर्ण डबीत तो ५० मिलिग्रॅम भरतो, म्हणजे फोडणीत घालतो त्या चिमटीएवढासुद्धा नाही. शेवटचा सीआय १९१४० हा टारट्राझिन नावाचा कृत्रिम पिवळा रंग. क्रीमला आलेला हळदीचा सुंदर रंग हळदीचा नाही, हे डबीच्या पुढच्या बाजूला कोणी सांगत नाही.

याचा अर्थ रेघेखालचे सारे निरुपयोगी असा नाही. रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए चा एक प्रकार, १ टक्क्याहून पुष्कळ कमी प्रमाणातही काम करते, त्यामुळे ते यादीत खाली असले तर त्यात वावगे काही नाही. नायसिनामाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार, याचे गुण मात्र प्रामुख्याने २ ते ५ टक्क्यांच्या प्रमाणात तपासले गेले आहेत. ते फेनॉक्सिइथेनॉलनंतर आले असेल तर नाव तेवढे घेतले आहे, असे म्हणावे लागते. सारांश, कोणता घटक किती लागतो हे आधी पाहावे आणि मग त्याची जागा तपासावी.

पुढच्या बाजूच्या टक्केवारीलाही हीच कसोटी लावावी. ‘९९ टक्के कोरफड’ असे ठळक अक्षरांत असलेल्या जेलच्या यादीत पहिले नाव पाण्याचे असेल, तर साध्या गणिताने कोरफड निम्म्याहून जास्त असूच शकत नाही, कारण पाणी तिच्याहून अधिक आहे. मग ९९ आले कुठून? कोरफडीचा रस सुकवून दोनशेपट तीव्र भुकटी करतात. अर्धा टक्का भुकटी आणि उरलेले पाणी एकत्र केले की कागदावर तो ‘रस’ होतो. ‘१० टक्के व्हिटॅमिन सी कॉम्प्लेक्स’ यातल्या ‘कॉम्प्लेक्स’ या शब्दाकडेही असेच पाहावे, कारण १० टक्के हे मिश्रणाचे प्रमाण आहे, त्यातल्या व्हिटॅमिनचे नव्हे.

नावांच्या बाबतीत काही गैरसमज इतके रुजले आहेत की ते सुटे करून सांगणे बरे. सेटिल, सेटिअरिल, स्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे मऊ, स्निग्ध पदार्थ आहेत आणि कोरड्या त्वचेला ते चालतात. त्वचा सुकवणारे ते ‘अल्कोहोल डिनॅट’, म्हणजे स्पिरिटसारखे अल्कोहोल, आणि तेही यादीत वरच असेल तर. सनस्क्रीनमधले अ‍ॅव्होबेन्झोन यादीत ब्यूटिल मेथॉक्सिडायबेन्झॉयलमिथेन या नावाने येते, त्यामुळे दोन ट्यूबमध्ये वेगळे घटक आहेत असे वाटते आणि निघतो एकच. पॅराबेन हे माल टिकवण्यासाठी घालायचे घटक; ‘पॅराबेनमुक्त’ या शिक्क्याला माझ्या मते गरजेपेक्षा जास्त मान मिळाला आहे. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना ‘वर्षातील बिगर-अ‍ॅलर्जीकारक’ म्हणून निवडले, कारण त्यांची अ‍ॅलर्जी विरळ आहे. त्यांच्या जागी आलेल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकामुळे मात्र युरोपात अ‍ॅलर्जीची लाट आली आणि अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला तिथे बंदी घालावी लागली. त्वचा नाजूक असेल तर पॅराबेन शोधण्याऐवजी हे लांबलचक नाव शोधावे आणि त्याबरोबर ‘पर्फ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द शोधावा. या एका शब्दामागे डझनावारी सुगंधी द्रव्ये लपू शकतात. लिनालूल, लिमोनीन, जेरानिऑल, युजेनॉल ही नावे स्वतंत्रपणे दिसली तर तीही सुगंधाचीच आहेत. लवंग, गवती चहा, संत्र्याची साल यांच्या नैसर्गिक तेलांत ती असतात, म्हणून ‘नैसर्गिक सुगंध’ म्हणजे निर्धोक असे समजू नये.

साबणाची गोष्ट निराळी, आणि सोपी. तिथे टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश, हा आकडा पाहावा. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० असावा लागतो. वेष्टनावर ‘टॉयलेट सोप’ऐवजी ‘बेदिंग बार’ असे शब्द असतील, तर ४० टक्केही पुरतात. केशर, दूध, मध वगैरे चित्रांपेक्षा हे दोन शब्द अधिक बोलके आहेत.

प्रत्यक्ष तुलना करताना दोन याद्या कागदावर शेजारी शेजारी उतरवून घ्याव्यात आणि दोन्हींत रेघ आखावी. रेघेच्या वरचे भाग जवळजवळ सारखे निघाले, आणि ते फार वेळा निघतात, तर दोन्ही क्रीमचे काम जवळपास सारखेच असण्याचा संभव मोठा आहे. मग दर ग्रॅमची किंमत पाहावी; वेष्टनावर ती आता छापावी लागते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अशीच दोन मॉइश्चरायझर ताडून पाहिली, तेव्हा पहिली सहा नावे त्याच क्रमाने आली आणि भावात तिपटीहून अधिक फरक होता. त्यांनी स्वस्तातले घेतले, महाग डबीचे झाकण फार छान होते अशी हळहळ मात्र अजून व्यक्त करतात. वेष्टनाचा विचार एका बाबतीत खरोखर करावा: अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे व्हिटॅमिन सी) किंवा रेटिनॉल असलेले उत्पादन पारदर्शक, रुंद तोंडाच्या बाटलीत असेल, तर ते उजेड व हवेने लवकर निकामी होते. उघड्या डबीचे चित्र आणि त्यावर ‘१२ एम’ असे असेल, तर झाकण उघडल्यापासून ते १२ महिने वापरायचे आहे.

प्रमाण आणि क्रम यांतून अ‍ॅलर्जीचा अंदाज येत नाही, म्हणून नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच ठिकाणी, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहावी आणि मगच चेहऱ्याला लावावी. धुऊन टाकायची वस्तू असेल, तर एरवी जितका वेळ ठेवतो तितकाच वेळ ठेवावी. केसांच्या रंगाच्या बाबतीत हा सोपस्कार टाळू नये. पॅराफिनायलिनडायमाइन, म्हणजेच पीपीडी, असलेल्या रंगाने डोळे मिटतील इतकी सूज येऊ शकते. त्याच्या पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणे सक्तीचे आहे आणि भुवया किंवा पापण्यांना तो लावू नये, अंधत्व येऊ शकते, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. थोडा रंग कानामागे लावून निदान ४८ तास थांबावे. लग्नसराईत मिळणाऱ्या, तासाभरात काळीभोर चढणाऱ्या मेंदीच्या कोनातही बहुधा हेच पीपीडी असते. लॉसोनिया इनर्मिस, म्हणजे खऱ्या मेंदीचा पाला, आधी नारिंगी आणि मग तपकिरी रंगतो. तो काळा होत नाही. टिकलीवर तर यादी क्वचितच असते, आणि तिच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉलमुळे कपाळावर कोडासारखा पांढरा डाग पडू शकतो. नेमक्या टिकलीच्या जागी खाज सुटू लागली, तर आकार बदलून भागणार नाही, गोंदाची टिकलीच बंद करावी लागेल.

खोका फेकण्याआधी यादीचा आणि बॅच क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा. पुरळ उठलेच तर त्वचारोगतज्ज्ञ पहिला प्रश्न ‘काय लावले होते?’ हाच विचारतात, आणि ‘गुलाबी झाकणाची डबी होती’ या उत्तराचा त्यांना काही उपयोग होत नाही.