मराठी जिभेने लकोटा बोलायची तर

उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींच्या सूअन भाषाकुलातली एखादी भाषा शिकायची म्हटलं की आधी नेमकी कोणती, ते ठरवावं लागतं. कुल एक असलं तरी माँटानातली क्रो, ओक्लाहोमातली ओसेज, विस्कॉन्सिन-नेब्रास्कातली हो-चंक आणि दोन्ही डकोटा राज्यांतली लकोटा बोलणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. याच कुलातली मंडन आता नोंदी आणि ध्वनिमुद्रणांवरूनच शिकावी लागते. ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ एडविन बेन्सन २०१६ मध्ये वारले. ओसेजसाठी २००६ मध्ये स्वतंत्र लिपी तयार झाली, म्हणजे तिथे लिपीपासून सुरुवात. बाहेरच्या माणसाने लकोटा घ्यावी, कारण तिच्यात कोश, व्याकरण आणि ध्वनिमुद्रणं सगळ्यात जास्त मिळतात. डकोटा तिची सख्खी बहीण आहे, पण सुरुवातीला दोन्हींची पुस्तकं एकत्र उघडू नका. लकोटात जिथे ‘ल’ येतो तिथे डकोटात पुष्कळदा ‘द’ येतो, आणि नवख्याच्या बोलण्यात दोन्हींची खिचडी होते.

साहित्य निवडताना लेखनपद्धत बघा. जुन्या लिखाणात महाप्राण (ख, थ, फ म्हणताना सुटणारी हवा) बहुधा दाखवलेलाच नसतो; ते वाचून उच्चार शिकलात तर नंतर सुधारणं फार जड जातं. महाप्राण, घशातलं घर्षण, नासिक्य (नाकातले) स्वर आणि आघात (कुठल्या अक्षरावर जोर) या चारही गोष्टी दाखवणारी पद्धतच घ्या. साहित्य कोणाच्या मालकीचं आहे, हेही तपासा. वडीलधाऱ्यांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रणांवर हक्क कोणाचा, यावरून लकोटा लोकांत मोठा वाद झाला आणि २०२२ मध्ये स्टँडिंग रॉक या त्यांच्या राखीव क्षेत्राच्या आदिवासी परिषदेने लकोटा लँग्वेज कन्सॉर्शियम या संस्थेला आपल्या हद्दीतून बाहेर काढण्याचा ठराव केला. त्यामुळे कुणाचंही ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय पुढे पाठवू नका.

आता उच्चार. इथे मराठी माणसाच्या पदरात बरंच आयतं पडतं. क-ख, त-थ, प-फ हा भेद लकोटातही अर्थ बदलतो, आणि तो आपल्या कानात आधीच बसलेला आहे. मात्र फ म्हणताना ओठ पूर्ण मिटले पाहिजेत. दात ओठावर टेकवून म्हटलेला फ इथे चालत नाही. च हा चिमणीतला, चमच्यातला नव्हे. श म्हणत राहा आणि तसाच आवाज घुमवा, की लकोटातला झ सापडतो. तो झाडातल्या झपेक्षा वेगळा आहे.

महाप्राण दोन तऱ्हेचे आहेत. एकात आपल्यासारखी नुसती हवा सुटते, दुसऱ्यात ती घशात घासून बाहेर येते. ‘लकोटा’ या नावातला क असाच घासलेला आहे: लाक्ख़ोता. साधारणपणे आ आणि ओ यांच्या आधी घासलेला, इ आणि उ यांच्या आधी साधा. अपवाद भेटतील, म्हणून शब्द लिहून घेतानाच खूण करा.

खरी मेहनत कंठस्फोटी व्यंजनांवर आहे: क’, त’, प’. जड पेटी उचलताना घसा आपोआप बंद होतो, तसा तो बंद करा. श्वास रोखलेलाच ठेवून क म्हणा. एक कोरडा टक् आवाज येईल. त्यानंतर घसा उघडा आणि आ म्हणा. क्’आ म्हणजे खणणे. क’ सगळ्यात लवकर जमतो, मग त’ (त्’ए, मेला), आणि प’ शेवटी (प्’ओ, धुकं). तोंडासमोर कागदाची पट्टी धरून तपासा: ख म्हणताना ती जोरात हलते, क’ म्हणताना जवळजवळ नाही. क आणि आ यांच्यात श्वास गळला तर त्याचा ख होतो, आणि शब्दच बदलतो.

नासिक्य स्वरासाठी लकोटात शेपटी असलेलं अक्षर (ŋ) लिहितात. ते पाहून लोक सर्रास ‘न’ वाचतात. गाणे या अर्थाचा शब्द लोवाँ आहे, लोवान नाही. वहीत देवनागरीत टिपणं काढायला हरकत नाही: घासण्याला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), नासिक्याला चंद्रबिंदू, कंठस्फोटाला वरचा स्वल्पविराम, आघाताखाली रेघ. ‘आ’ मात्र नेहमी काना देऊनच लिहा, नाहीतर मराठी सवयीने अ गिळला जातो. आघात बहुधा दुसऱ्या अक्षरावर असतो आणि शब्दाच्या सुरुवातीला प्रत्यय लागला की सरकतो. वाश्ते (चांगला) मध्ये जोर शेवटी. मावाश्ते (मी चांगला आहे) मध्ये तो ‘वा’वर.

वाक्यरचना सोपी जाईल. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्ययं नामानंतर, आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘हे’, आपल्या ‘का’सारखं. यालोवाँ हे? म्हणजे तू गातोस का? ऊँलोवाँ म्हणजे आपण दोघं गातो, आणि पी जोडून ऊँलोवाँपी म्हणजे आम्ही किंवा आपण सगळे गातो.

क्रियापद हा या भाषेचा गाभा आहे, आणि तिथे घाई करू नका. ‘मी’साठी दोन रूपं आहेत. करणाऱ्याला वा: वालोवाँ, मी गातो. ज्याच्या बाबतीत काही घडतं किंवा जो तसा असतो त्याला मा: मावाश्ते. हाच मा ‘मला’चंही काम करतो: वाँमायाँके, तो मला पाहतो. ‘मला तहान लागली’ म्हणणाऱ्या मराठी मनाला हे लगेच पटतं, आणि तिथेच फसगत होते. तहानेला मा खरोखर लागतो, ईमापूज़े (इथला ज़ घासलेला नव्हे, इंग्रजी z सारखा). पण भूक लागली म्हणताना वा, लोवाछीँ, कारण त्या शब्दात ‘हवं असणे’ हे क्रियापद बसलेलं आहे. म्हणून कोणतंही क्रियापद एकटं पाठ करू नका. त्याचं ‘मी’चं रूप सोबतच पाठ करा. हे प्रत्यय कधी शब्दाच्या आधी लागतात, कधी त्याच्या पोटात शिरतात, आणि ते कुठे शिरतात हेही त्याच रूपावरून कळतं. कोशात शेवटचा ‘आ’ मोठ्या रोमन अक्षरात (A) दिसला, तर तो पुढच्या शब्दानुसार बदलतो असं समजा: वाते, मी खातो; वातीँ क्ते, मी खाईन.

मग साधनदर्शक उपसर्ग घ्या. यांच्यामुळे शब्दसंग्रह भराभर वाढतो. क्सा म्हणजे लांबट वस्तू तुटणे. याक्सा, दातांनी तोडणे. यूक्सा, हाताने मोडणे. काक्सा, घाव घालून तोडणे. नाक्सा, पायाने. वाक्सा, सुरीने कापणे. यातला वा सुरीचा आहे, ‘मी’चा नाही. ‘मी घाव घालून तोडतो’ हे वाकाक्सा होतं, पण यू असलेल्या क्रियापदाचं ‘मी’ निराळं: ब्लूक्सा, आणि ‘तू’ लूक्सा.

बोलणाऱ्याचं लिंग वाक्याच्या शेवटी उमटतं. ‘गा’ अशी आज्ञा पुरुष देईल तर लोवाँ यो, बाई देईल तर लोवाँ ये. अनेकांना उद्देशून अनुक्रमे पो आणि पे. ज्यांचं ऐकून शिकता त्यांचीच रूपं नकळत उचलली जातात, म्हणून शक्यतो दोघांचे आवाज ऐका आणि आपलं रूप वेगळं लिहून ठेवा. पुरुषांनी विधानाला येलो लावायचं असतं, पण ते ठासून सांगण्यासाठी. प्रत्येक वाक्याला लावलं की बोलणं भाषणासारखं वाटतं.

नात्यांचे शब्दही पहिल्या महिन्यातच शिका, कारण हाक बहुधा नात्यानेच मारतात. थोरला भाऊ आपल्याकडे सगळ्यांचाच दादा. तिथे भाऊ त्याला छीये म्हणतो, बहीण थीब्लो. थोरली बहीण भावाची ताँके, बहिणीची छूवे. ताँके मधला त घासलेला आहे. कुणाला कोणत्या नात्याने हाक मारायची हे स्वतःच ठरवू नका, त्या माणसालाच विचारून घ्या.